पापलेटचं वय

मुरुडच्या त्या लॉजच्या हॉलमध्ये सकाळी दहाला मुंगीला शिरायला वाव नव्हता. मासळीचा लिलाव आटोपून कोळणी बर्फाच्या पाट्यांसकट थेट तिथे येत, कारण दीपेश सर लिलावानंतरच भेटत. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो कुणाच्या छातीला लागलेला मात्र कुणी पाहिला नव्हता.

"आई, हे पेप्टाइड. चार अमिनो आम्लांची साखळी. पेशींचं घड्याळ उलटं फिरवते." बायकांना त्यातलं 'आई' तेवढं कळे, आणि तेवढ्यावर भागे.

मग बोटाला वय सांगणाऱ्या यंत्राचा चिमटा. पहिल्या दिवशी एकसष्ट वर्षांच्या नीराबाईंचं वय यंत्रानं सत्त्याहत्तर सांगितलं. सरांनी सुई टोचली, 'पेशी जागवायला' हात अर्धा तास गरम टॉवेलात गुंडाळले. पुन्हा चिमटा, वय एकोणपन्नास. सगळ्या गावात बोलबाला झाला.

उपकेंद्रातली नर्स कल्पिता आज मुद्दाम आली होती. नीराबाई तिची सख्खी आत्या, आणि मधुमेही. इन्सुलिन आणि पेप्टाइड एकमेकांशी भांडतात, असं सरांनी सांगितल्यापासून नऊ दिवस आत्यानं इन्सुलिन बंद केलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम कडेनं काळी पडत चालली होती. कल्पिताला रात्रीची झोप नव्हती.

"आत्ये, आज तरी इन्सुलिन घे."

"तुजी सुई तुलाच ठेव. एकोणपन्नासची हाय मी. यंत्र काय खोटं बोलतं व्हय?"

कल्पितानं तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. असणारच, पहाटेपासून बर्फातच तर होता. तिनं हॉलभर नजर फिरवली. चाळीस बायका, सगळ्या बर्फातून उठून आलेल्या. सर लिलावानंतरच का भेटतात, ते तिला तिथं कळलं.

तिनं आत्याच्या पाटीतून एक पापलेट उचललं आणि टेबलावर ठेवलं. "सर, याचंही वय बघा ना." सर नको नको म्हणेपर्यंत तिनं चिमटा शेपटीला लावलाही. ब्याण्णव.

मग पापलेट गरम टॉवेलात गेलं. सरांना अचानक माणगावचा एक पेशंट आठवला, पण दारात बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. अर्ध्या तासानं आकडा आला सेहेचाळीस.

"सुई न टोचता," कल्पिता म्हणाली. "हे यंत्र गारठा मोजतं, वय नव्हे. असल्या पेप्टाइडवर प्रयोगशाळेत अभ्यास चालू आहे, ते खरं. पण त्यानं माणसाचं म्हातारपण लांबणीवर पडतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि या सुईच्या बाटलीत काय आहे ते सरांनाच ठाऊक. आकडा दिसला की आधी विचारा, हे नेमकं मोजतं काय? आणि चालू औषध आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका."

नीराबाईंनी पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला. मासळीत उभा जन्म गेलेली बाई ती.

"मेलेलं हाय ते," त्या सरांना म्हणाल्या, "आन् तुमी त्याला जवान केलंत."

मग पदर सावरून उठल्या, लंगडत कल्पितापाशी आल्या.

"चल पोरी, उपकेंद्रात. एकसष्टची हाय मी. आन् अंगठा लई दुखतो."