चांदाड्याच्या पानाखाली

आश्विनातलं ऊन कुडाळच्या त्या परसबागेत संथ, दाट, सोनसळी उतरत होतं. चांदाड्याच्या झाडाची थाळीएवढी पानं आतून उजळली होती. शिराशिरांतून हरितप्रकाश पाझरत होता.

एका पानाच्या पाठीशी ती बसली होती. केशरकाय, कृष्णबिंदुमंडित, ढालीसारख्या पाठीची नखाएवढी ढालकिडीण. पोटाखाली शंभरेक अंडी, भिजल्या साबुदाण्यासारखी. नऊ दिवस निराहार, नऊ दिवस निश्चल.

कुमुदिनी सामंत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. या किडीचं मीलन त्यांनी कॅमेऱ्यात टिपलं होतं, आधीच्या पिल्लांचं पाचही वेळा कात टाकणं टिपलं होतं. अंड्यात उमलणारे डोळे तेवढे राहिले होते.

आणि शाल्मली, त्यांची लेक. पाचव्या महिन्यात गर्भ गमावून माहेरी आलेली. रोज सकाळी ती त्या पानासमोर बसे. तिथेच तिचा चहा, तिथेच तिचं मौन.

दहाव्या सकाळी अंड्यांत लाल ठिपके दिसले. कुमुदिनीबाईंनी बारीक कुंचला उचलला.

"आई, नको ना. राहू दे तिला."

"एकच फोटो गं. चढेल ती परत."

कुंचला आला, तशी किडिणीने ढाल त्याच्याकडे कलती केली. ढकलली, परतली. पुन्हा ढकलली, पुन्हा परतली. तिसऱ्यांदा ती गवतात उताणी पडली.

कॅमेरा खटखटू लागला. देठावरून काळी, कृश, अखंड रांग आली.

"आई, मुंग्या!" शाल्मलीचा हात पुढे झाला.

"हात काढ! सावली पडतेय."

हात हवेत थिजला. एकेक अंडं उचललं गेलं. एकेक लाल डोळा ऊन पाहून गेला.

"पुन्हा घालील की," काचेवरचा डोळा न काढता कुमुदिनीबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

शाल्मली उठली. 'त्यात काय एवढं?' हेच शब्द, याच सुरात, इस्पितळातल्या खाटेशी आईच बोलली होती. तेव्हा तिला ते सांत्वन वाटलं होतं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. बॅग ओढत नेल्याचा खरखराट लाल वाटेवरून दूर, दूर, विरत गेला.

कुमुदिनीबाईंनी मान वर केली ती ढग आल्यावर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुंगीच्या जबड्यात अंडं होतं. पारदर्शी, रत्नदीप्त, रेखीव.

"शाल्मली, बघ, काय सुंदर आलंय!"

बागेत वारा नव्हता. खाली गवतात ती केशरकाया सुलटी झाली होती. लंगडत खोडाशी आली होती. चढत होती, घसरत होती, रित्या पानाकडे चढत होती.