दीर्घेत उभा असलेला माणूस

संसदेच्या प्रेक्षक दीर्घेत उभं राहायला परवानगी नसते. पायावर पाय टाकायचा नाही, पेंगायचं नाही, कठड्यावर रेलायचं नाही. कोणी नुसतं उठलं तरी रक्षक येऊन खांद्यावर हात ठेवतो. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण हे मला पुस्तकातून नाही, नवऱ्याकडून कळलं. म्हणून त्यांनी जेव्हा सांगितलं की राज्यसभेच्या दीर्घेत एक माणूस अधिवेशन सुरू झाल्यापासून उभा आहे आणि त्याला कोणीच बसवत नाही, तेव्हा मी त्यांना आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं.

माझे यजमान यज्ञेश्वर विरोधी पक्षाचे खासदार होते. आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक भाषणाची तालीम व्हायची. ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहायचे आणि मी पलंगावर बसून सभापती व्हायची. वेळ संपली की चमच्याने पेला वाजवायचा, हे माझं काम. जीभ तिखट होती त्यांची. एका वाक्यात समोरच्याची बोलती बंद करायचे, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य अर्ध्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर पोचलेलं असायचं. आकडेवारी, अहवाल, कायद्याची कलमं हे सगळं त्यांना यायचं, पण जीव होता तो त्या एका वाक्यात.

शालन आमच्याकडे आली ती ओळखीच्या एका कार्यकर्त्यासोबत. राहायला खडकीला, अंगणवाडीत मदतनीस. तिचा नवरा भीमराव सोनकांबळे वाघोलीच्या पुढच्या एका रसायनांच्या गोदामात ठेकेदाराकडून कामाला होता. त्या गोदामाला आग लागली. पिंपं फुटली, छप्पर खाली आलं, आणि भीमराव ज्या बाजूला काम करायचा तिथे ओळखू येईल असं काहीच उरलं नाही. ठेकेदाराने हात झटकले. त्या दिवशी भीमराव कामावर आलाच नव्हता, म्हणाला, गेला असेल कुठे पळून. मग वस्तीत बायका कुजबुजायला लागल्या. कोणीतरी एक बाईसुद्धा शोधून काढली, दौंडची.

"पळून जाणारा माणूस बायकोला सांगतो का, रात्री पिठलं कर म्हणून?" शालनने विचारलं. "साहेब, मला दुसरं काही नको. तुम्ही तिथं बोलता ते सगळा देश ऐकतो. तिथं त्यांचं नाव घ्या. ते मेले, एवढं कुणीतरी एकदा म्हणा. माझ्या लेकीला, मैत्रीला, कॉलेजात पोरी विचारतात, तुझे पप्पा सापडले का."

यज्ञेश्वर म्हणाले, "घेतो. शब्द देतो."

आणि नशीब असं, की त्यांचा प्रश्न सोडतीत वर आला. म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर यांना दोन पूरक प्रश्न विचारता येणार. उत्तर काय येणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं: आगीत मृत्यू, शून्य. पहिला पूरक प्रश्न आम्ही फोनवरून तीनदा घोकला. "भीमराव सोनकांबळे नावाचा कामगार त्या सकाळी गोदामात गेला. तो कुठे आहे?" बस, एवढंच.

मी टीव्हीसमोर बसले होते. मंत्र्यांनी शून्य वाचलं. यज्ञेश्वर उठले. सभागृह भरलेलं, समोरचे बाक हसताहेत, कॅमेरा यांच्यावर. आणि ते म्हणाले, "शून्य माणसं मेली म्हणता? सरकारची लाज मोजा, आकडा निदान एक तरी होईल!"

वाक्य चांगलं होतं, नाही कोण म्हणेल? विरोधी बाकांनी डोक्यावर घेतलं, सत्ताधारी ओरडत पुढे आले, गोंधळ झाला आणि दुसरा प्रश्न त्या गोंधळात वाहून गेला. भीमरावाचं नाव कोणी घेतलं नाही. पुण्याला आले तेव्हा पक्षाची मंडळी हार घेऊन हजर होती. एवढे हार, की मान दिसेना.

पुढे शालनने कोर्टात दावा लावला, तेव्हा ठेकेदाराच्या वकिलाने हेच उत्तर न्यायाधीशांपुढे ठेवलं. संसदेत खुद्द मंत्री सांगताहेत की मृत्यू शून्य, आणि विचारलं कोणी, तर या बाईंच्याच खासदारांनी. शालन आमच्याकडे आली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, तुम्ही विचारलंच नसतं तर."

यज्ञेश्वरांनी मग सगळे दरवाजे ठोठावले. पुन्हा प्रश्न टाकला, तर उत्तर आलं, विषय न्यायप्रविष्ट आहे, घेता येणार नाही. विशेष उल्लेख म्हणून विषय मांडायची परवानगी मागितली, तेच. कोर्टात त्यांचा प्रश्न शालनच्या आड येत होता आणि सभागृहात तिचं कोर्ट यांच्या आड येत होतं. हा फास त्यांनी स्वतः वळला होता आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

त्याच अधिवेशनात तो माणूस दिसायला लागला.

मी ते टीव्हीवर पाहिलं. म्हणजे त्याला नाही, यांना. अर्थसंकल्पावर बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि वाक्य तुटलं. समोरून कोणीतरी ओरडलं, "विसरले, विसरले!" हे अशा वेळी सोडणारे नव्हेत, पण खाली बसले. रात्री फोनवर म्हणाले, निळा शर्ट आहे, बाह्या दुमडलेल्या. दीर्घेत पहिल्या रांगेत उभा असतो. रागावलेला नाही. वाट बघतोय, आपला नंबर कधी लागतो म्हणून.

मी समजूत घातली. डॉक्टर झाले, झोपेच्या गोळ्या झाल्या. कॅमेऱ्याने दीर्घा दाखवली की मी डोळे फाडून बघायची. शाळेच्या सहली दिसायच्या, पाहुणे दिसायचे. तो नाही. पण मी खोटं कशाला बोलू, एकटी घरात तो टीव्ही लावायची मला भीती वाटायला लागली होती.

यज्ञेश्वर सुट्टीत घरी आले की उभ्याने जेवायचे. ओट्याला टेकून, ताट हातात धरून. "अहो, बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "तो उभा असताना मी बसू कसा, हेमा?" पाय सुजले त्यांचे. मग भाषणं आखडली, टोमणे संपले. तालमीला बोलावणं बंद झालं. पक्षात म्हणायला लागले, म्हाताऱ्याची धार गेली.

एकदा त्यांनी हे शालनला सांगितलं. मला वाटलं, बाई घाबरेल नाहीतर हात जोडेल. ती भडकली.

"तुम्हाला दिसतात?" ती म्हणाली. "माझ्या एकदा स्वप्नात आले नाहीत. लेकीच्या आले नाहीत. आणि तुम्हाला, दिल्लीत, रोज?"

तिने पाणीही घेतलं नाही, निघून गेली.

त्यांची मुदत संपत आली. पक्ष पुन्हा पाठवणार नव्हता, हे उघडच होतं. राज्यसभेत निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप द्यायची एक रीत आहे. त्या दिवशी भांडण नाही. ज्यांनी सहा वर्षं एकमेकांचे वाभाडे काढले तेच एकमेकांचे गोडवे गातात, आणि जाणारा प्रत्येक जण चार मिनिटं कृतज्ञतेचं बोलून बसतो. मी शालनला फोन करून बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं. आली, आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसली.

यज्ञेश्वर उठले. मराठीत बोलायचं आधीच कळवलं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी कानाला भाषांतराची यंत्रं लावली. हातात कागद नव्हता.

"सभापती महोदय," ते म्हणाले, "पुण्याचे भीमराव सोनकांबळे यांचं वाघोलीच्या आगीत निधन झालं. त्यांना मी श्रद्धांजली वाहतो." आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

बस. पुढे एक शब्द नाही.

आता, या लोकांची एक सवय सांगते. प्रत्येक अधिवेशनाची सुरुवात कोणाच्या ना कोणाच्या श्रद्धांजलीने होते. नाव वाचलं जातं, सगळे उठतात, मान खाली घालतात. कोण गेलं हे अर्ध्यांना माहीतही नसतं. अंगवळणी पडलेलं असतं. त्या दिवशी यांच्या शेजारचे वयोवृद्ध सदस्य आधी उठले. मग मागचा बाक. मग समोरचे, कोणी माजी सदस्य गेले असावेत असं वाटून. शून्याचं उत्तर देणारे मंत्री मोबाईलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली, सगळे उभे दिसले, तेही लगबगीने उठले. सगळं सभागृह उभं असताना बसून कसं राहायचं, म्हणून सभापतीसुद्धा उठले. पडद्यावर तो एवढा मोठा हॉल, आणि चिडीचूप.

शालन सोफ्यावरून कधी उठली ते मला कळलं नाही. मीही उभी होते.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं. कुजबुज झाली, एक जण ओरडला, सभापती म्हणाले की हे कामकाजात जाणार नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या कामकाजातून भीमरावाचं नाव खरंच काढून टाकलेलं होतं. पण त्याखालची कंसातली ओळ तशीच राहिली होती: सदस्य थोडा वेळ मौन उभे राहिले. शब्द वगळायचा नियम आहे, मौन वगळायचा कोणाला सापडला नसावा. कोर्टात याचा उपयोग होणार नाही असं वकील म्हणाले. न होऊ दे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी तासाभराने यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आवाज इतका दमलेला होता, की मला वाटलं छातीत दुखतंय की काय.

"हेमा, आम्ही सगळे उभे होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा मी वर बघितलं. तो बसला. खुर्ची चाचपडून, हळूहळू बसला."

शालन फोनकडे बघत होती. तिचा तो राग, ते कडेला बसणं, सगळं गळून गेलं होतं.

"बसले?" तिने फोनला विचारलं. "नीट बसले ना?"

"हो," यज्ञेश्वर म्हणाले.

"दमले असतील हो," ती म्हणाली, आणि भर दुपारी, परक्या घरात, मोठ्याने रडायला लागली. नवरा गेल्यावर बाई रडते, तशी.