वांगी रंगाच्या सात जर्स्या

पेचीने कॉम्प्युटरवरच्या जर्सीतला लाल काढला, हिरवा टाकला. हिरवा काढला, निळा टाकला. शेजारी बसलेल्या राजाती टीचर दर वेळी नकारार्थी मान हलवत होत्या.

"ही जोडी वरच्या गल्लीची. ही तळ्याकाठच्यांची. आणि ही..."

"ही आमची. माहितीये, टीचर."

तमिळनाडूतल्या कोविलपट्टीच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात पेचीला सहा वर्षं झाली होती. लग्नाचे, मयताचे बॅनर ती डोळे मिटून करायची. पण शाळेच्या मुलींच्या कबड्डीच्या सात जर्स्यांनी तिचा पार घाम काढला. एकटा रंग कुणाचाच नसतो हो. दोन शेजारी बसले की जात सांगायला लागतात. पोरं मनगटाला दोरे बांधून शाळेत येतात ना, तेच हे दोन-दोन रंग. खालच्या गल्लीतल्या तीन मुलींना घरचे वरच्यांच्या लाल-पिवळ्यात मैदानावर सोडणार नव्हते. वरच्या चौघी दुसऱ्या कुणाची जोडी घालणार नव्हत्या. आज शुक्रवार, आणि रविवारी जिल्ह्याची मॅच.

"मग एकच रंग टाकते," पेची म्हणाली.

"आणि नंबर? पंचाला दिसायला नको?"

पेचीने वांगी रंग भरला. नंबरही वांगीच, फक्त धुऊन धुऊन विटल्यासारखा फिका. टीचर उठल्या आणि मागं मागं जात थेट रस्त्यावर पोचल्या.

"दिसतोय गं," तिथून ओरडल्या. "सातचा आकडापण दिसतोय."

तेवढ्यात चेल्लैया आले. सगळे त्यांना 'अण्णाची', म्हणजे थोरले भाऊ, म्हणत. वरच्या गल्लीचे; त्यांची भाची संघात होती आणि जर्स्यांचा खर्च तेच देणार होते.

"हे काय, वांग्याचा मळा?"

"जर्सी आहे, अण्णाची."

"लाल-पिवळा सांगितला होता मी. पैसे माझे, रंग माझा."

"खेळणार त्या सात जणी."

अण्णाचींनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "कुठल्या गल्लीची गं तू?"

"खालच्या. आता माझ्या गल्लीचे रंग यात शोधून दाखवा."

खालच्या गल्लीतलं कुणी अण्णाचींशी असं बोललं नव्हतं. पेचीने नजर खाली घातली नाही.

"माझी भाची असलं काही अंगाला लावणार नाही," अण्णाची थंडपणे म्हणाले. "पैसेही विसरा. बघतो तिच्याशिवाय किती चढाया मारता."

"नंबर किती तिचा?" पेचीने विचारलं.

ते चप्पल घालून निघून गेले.

टीचर आत येऊन खुर्चीत बसल्या. "पैशाचं मी बघते. पण त्या पोरीशिवाय आपण हरणार, पेची. खरं सांगते."

"मग हरू. लाल-पिवळ्यात जिंकलो असतो, तर त्या तिघी काय घरात बसून जिंकणार होत्या?"

 टीचरनी पदराने कपाळ पुसलं आणि त्या चक्क हसल्या.

"तोंड फार चालतं गं तुझं."

"किती छापू, टीचर? सहा?"

"सात. आली तर घालेल. नाही आली तर तिची म्हणून राहील."

"नंबर?"

"चार."

पेचीने सगळ्यात आधी चारच छापायला टाकला.