वर्तणुकीचा रकाना

“मोठ्यानं वाच. चूक असली तर आत्ताच सांगायची. शिक्का बसल्यावर देव आला तरी बदलता यायचं नाही,” असं म्हणून भाऊसाहेबांनी दाखला खिडकीतून मुलीपुढे सरकवला.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे लेखनिक. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ते त्याचा दाखला वाचायला लावत. नाव, जन्मतारीख, इयत्ता, शेवटी वर्तणूक. घाई कितीही असो, पालक कितीही मोठे असोत, ही पद्धत चुकली नाही. “आपल्याबद्दल काय लिहिलंय ते ज्याचं त्याला ठाऊक नको का?” एवढंच ते म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही फॉर्म वाया गेला नव्हता. फॉर्मवर छापील क्रमांक असायचे, एक जरी रद्द झाला तरी संस्थेला लेखी कारण द्यावं लागे. आमच्यातले गमत्ये शिक्षक म्हणायचे, भाऊसाहेब शिंकतात तेसुद्धा दोन फॉर्मच्या मधे.

त्या दिवशी मी त्यांच्या कचेरीत होते, कारण मला ते वाचन ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं.

मुलगी आठवीतली, माझ्याच वर्गातली. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे ‘फटाकडी’ म्हणत. आईची दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली झाली होती, म्हणून मावशी दाखला न्यायला आली होती. ती बाकावर बसून सारखी घड्याळ बघत होती.

त्या वर्षी शाळेत शिस्तपत्रक सुरू झालं होतं. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कागद. उशीर झाला की एक लाल ठिपका, दंगा केला तर दोन, शिक्षकांना उलट बोललं तर शिक्षक देतील तेवढे. वीस ठिपके झाले की दाखल्यावर ‘असमाधानकारक’. असा दाखला घेऊन गेलेल्या मुलाला चांगली शाळा दारात उभं करत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच मुलं बघता बघता गप्प झाली आणि आम्ही खूश होतो.

फटाकडीचे ठिपके बावीस होते. प्रयोगशाळेच्या दाराशी काढून ठेवलेल्या सगळ्या वर्गाच्या चपलांची अदलाबदल केल्याचे चार. उशिराचे, खिदळण्याचे, खिडकीतून खडू फेकल्याचे मिळून आठ. उरलेले दहा माझे.

त्या दहांची गोष्ट अशी. तपासणीला साहेब आले होते, मागच्या बाकावर बसून वही भरत होते. मी फळ्यावर टाकीचं गणित घेतलं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, तळाचं भोक ती आठ तासांत रिकामी करतं, तर टाकी किती वेळात भरेल? घाबरले होते, वजाबाकीच्या जागी बेरीज केली. उत्तर आलं साडेतीन तासांच्या आत. मी ते खाली दोन रेघा मारून ठसठशीत लिहिलं.

“बाई,” मागून आवाज आला, “भोक पाडल्यावर टाकी लवकर भरते होय? आमच्या घरच्या टाकीला पण पाडू का एक?”

वर्ग खो खो हसला. साहेबांनी मान वर केली. मी उत्तर पुसलं, तिला बाहेर काढलं, आणि मधल्या सुटीत शिस्तपत्रकावर दहा ठिपके देऊन पुढे लिहिलं, ‘तपासणीच्या वेळी उद्धटपणा.’ गणित चुकलं होतं हे कुठेच लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता, अशी मी माझी समजूत घातली.

दाखला लिहिताना भाऊसाहेब वर्तणुकीच्या रकान्यापाशी थांबले होते. “बाई, लिहू ना? ही शाई धुतली तरी जात नाही.”

“लिहा,” मी म्हटलं. “नियम सगळ्यांना सारखा.”

त्यांनी लिहिलं. आणि आता ती वाचत होती.

नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. आवाज सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. “वर्तणूक... असमाधानकारक.”

“काही चूक आहे का बघ,” भाऊसाहेब म्हणाले.

तिनं कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागानंही नाही. मग पुन्हा कागदाकडे बघून म्हणाली, “नाही. बरोबर आहे सगळं.”

“अगं बोल की काहीतरी!” मावशी बाकावरून उठली. “घरी बातम्या वाचणाऱ्या बाईच्या चुका काढतेस, इथं का दातखीळ बसली?”

“बरोबर आहे, मावशी. चल ना.”

चूक दिसली की जिला राहवत नसे, ती मुलगी स्वतःबाबत झालेल्या चुकीला ‘बरोबर आहे’ म्हणत होती. हे कोणी शिकवलं तिला? वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं. शेवटचा धडा माझा होता.

भाऊसाहेबांनी शिक्का उचलला होता. शाईच्या गादीवर टेकवलाही होता. पण ते माझ्याकडे बघत थांबले. मुलांना देत तेवढाच वेळ त्यांनी मला दिला.

“थांबा भाऊसाहेब,” मी म्हटलं. “चूक आहे.”

मी शिस्तपत्रक घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते फायली चाळत होते.

“सर, यातले दहा ठिपके मला परत घ्यायचेत.”

“दिलेले ठिपके परत घ्यायला लागलो तर उद्या रांग लागेल, बाई. त्या पोरीनं साहेबांसमोर शाळेची शोभा केली, तुम्हीच सांगत होता.”

“तिनं माझी चूक दाखवली. गणित माझं चुकलं होतं. टाकीला भोक पडल्यावर ती लवकर भरते असं मी फळ्यावर लिहिलं होतं.”

त्यांनी चष्मा काढला. “साहेबांसमोर?”

“हो. त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिच्या एकटीच्याच आलं.”

मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी चष्मा पुसला. मग हसू दाबत म्हणाले, “हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली, सर.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटतेय.”

त्यांनी मला ठिपक्यांवर काट मारून सही करायला लावली, खाली स्वतः सही केली. उरले बारा. “पण फॉर्म रद्द होणार,” ते म्हणाले, “संस्थेला कारण लागेल.”

“कारण मी लिहून देते.”

मी परत आले तेव्हा पहिल्या फॉर्मवर आडवं ‘रद्द’ लिहून झालं होतं. शेजारच्या वहीत फॉर्मचा क्रमांक आणि पुढे भाऊसाहेबांच्या सुबक अक्षरात कारण: ‘लेखनिकाची लिहिताना चूक.’

“हे काय? चूक माझी आहे!”

“अक्षर माझं आहे ना?” त्यांनी नवा फॉर्म पुढे ओढला. “तुमचं कारण लिहायला पानभर जागा लागेल. संस्थेनं एकच ओळ दिलीय.”

“अहो, पण सत्तावीस वर्षांत...”

“बाई, मुलगी उभी आहे.”

त्यांनी दुसरा दाखला लिहिला. सावकाश, एकेक अक्षर. मग खिडकीतून सरकवला. “हं. मोठ्यानं.”

तिनं वाचायला सुरुवात केली. “वर्तणूक, चांगली,” इथे आवाज जरा अडखळला. मावशीनं पदर डोळ्यांना लावला. भाऊसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काही चूक?”

ती कागदावर वाकली. मग बोट ठेवून म्हणाली, “आहे. तारीखच नाही घातलीत. तारखेशिवाय दाखला चालतो होय?”

“अरेच्चा!” भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. “म्हातारा झालो बघ.”

तारीख राहिली होती की राखली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एवढंच सांगते, की आयुष्यात हजारो उत्तरं ऐकली, शाबासक्या दिल्या, पण कुणाच्या तोंडून ‘चूक आहे’ ऐकून इतका जीव भांड्यात पडल्याचं आठवत नाही. निघताना तिनं मला नमस्कार केला. मी म्हटलं, “तुझं गणित पक्कं आहे. ते सोडू नकोस.” ती म्हणाली, “तुमचंही पक्कं आहे, बाई. तेवढा टाकीवर सराव करा.” मावशीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मी हसले, पार गेटपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.

त्यानंतर शिकवण्याची पंधरा वर्षं मला मिळाली. जे काही बरं शिकवलं असेल ते त्याच पंधरा वर्षांत, आणि ते मला वर्गात कधी पाऊल न टाकलेल्या माणसानं शिकवलं.

त्या दाखल्यानंतर महिनाभरानं संस्थेकडून पत्र आलं होतं. फॉर्म निष्काळजीपणे वाया घालवल्याबद्दल लेखनिकाला समज, सेवापुस्तकात नोंद. मला ते मुख्याध्यापकांकडून कळलं. मी तास संपवून तशीच खिडकीशी गेले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा जुळवलं होतं. भाऊसाहेब दाखला लिहीत होते. बाजूला एक छोटी मुलगी टाचा उंचावून आत डोकावत होती.

“भाऊसाहेब, ते पत्र...”

“बाई,” त्यांनी मान वर न करता म्हटलं, “जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले.