उजव्या छातीवरचे आम्ही दोघे

मित्रांनो, मी जुनं पदक आहे खरं, पण नुसतं चांदीचं नाही, नावाचं. माझ्या कडेवर ‘मर्डो मॅकॉले, खलाशी’ असं कोरलं आहे. लुईस बेटावरचा हा हेरिंग पकडणारा कोळी पहिल्या महायुद्धात आरमारात गेला, पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीवर राबला आणि त्याबद्दल त्याला मी मिळालो. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार असतो, त्या दिवशी तो मला छातीवर लावी. एरवी माझा मुक्काम बिस्किटांच्या डब्यात.

दुसऱ्या युद्धात त्याचा मुलगा नॉर्मन समुद्रात बुडून गेला. त्याचा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, टपालाने आला, पुठ्ठ्याच्या खोक्यातून. त्यावर नाव नाही. त्या खेपेस कोणाच्याच ताऱ्यावर कोरलं नव्हतं. आईनं ते खोकं कधी उघडलं नाही. आईबाप गेल्यावर लेकीनं, एफीनं उघडलं आणि आम्हा दोघांना एका पिनेत ओवलं. आपलं पदक डाव्या छातीवर लावायचं, गेलेल्या नातलगाचं उजव्या, अशी तिथली रीत. एफीनं आम्हाला पंचेचाळीस वर्षं उजवीकडे मिरवलं. मिरवताना शेजारणींच्या छातीवर किती आहेत तेही ती डोळ्यांनी मोजून घेई.

मग ग्लासगोचा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा रोरी, “आत्या, नीट करून आणतो,” म्हणत आम्हाला घेऊन गेला. फारच नीट केलं त्यानं! पाठ डिंकानं चौकटीतल्या मखमलीला चिकटवली, पुढे काच, मागे चार स्क्रू. ना वारा, ना कोटाची लोकर. शेजारच्या ताऱ्याला साधा धक्काही देता येईना.

शनिवारच्या शेवटच्या बोटीनं तो आला. एफीनं गुंडाळलेला कागद सोडला तो स्मरणाच्या रविवारी सकाळी, कोट चढवता चढवता.

“हे काय रे? पिन कुठाय?”

“पिन कशाला आत्या? आता शंभर वर्षं टिकतील.”

“ती टिकतील रे, मी टिकणार आहे का? एक्याऐंशी झाली. यंदा पाय चालतायत, पुढच्या वर्षी कोण नेणार यांना?”

रोरी ओशाळला. “थांब, स्क्रू काढतो. पाच मिनिटांचं काम.”

“रविवारी, देवाच्या दिवशी? बटाटेसुद्धा आम्ही शनिवारी सोलून ठेवतो, आणि तू पेचकस फिरवणार?”

“देव माफ करेल गं.”

“देव करेल. समोरची क्रिस्टीना नाही करायची.”

शेवटी एफीनं अख्खी चौकटच उजव्या छातीशी कवटाळली आणि निघाली. गावच्या युद्धस्मारकापाशी क्रिस्टीना टपलेलीच. “काय गं एफी, खिडकी उपटून आणलीस?”

“हो. तुझी दृष्ट लागू नये म्हणून काचेसकट.”

मग दोन मिनिटांची शांतता. एफीचे हात भरून आले, चौकट खाली घसरू लागली. मी आतल्या आत ओरडलो. काचेआडून काय पोचणार?

“दे इकडे, आत्या,” रोरी कुजबुजला.

“द्यायची नाही. खालून धर.”

त्यानं हात लावला. शांतता संपली तरी काढला नाही.

सोमवारी उजाडताच एफीनं पेचकस त्याच्या हातात ठेवला. तारा पटकन सुटला. मला सोडवताना मखमलीची साल माझ्या पाठीला राहिली, ती अजून आहे. रोरीनं आम्हाला पुन्हा पिनेत ओवून पिन एफीपुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असं कोणी असेल, तर त्याला काचेत चिणू नका. पिन गंजली तर बदला, पण वर्षातून एकदा तरी अंगावर घ्या.

“तुझ्या अंगावर लाव,” एफी म्हणाली, “बघू कसं दिसतं.”

रोरीनं सदरा सारखा केला आणि विचारलं, “उजवीकडे ना?”