तारा मंदावलाच नव्हता

वेधशाळेतल्या ताई सात महिने एकाच अंधुक पिवळ्या ताऱ्यामागे हात धुऊन लागल्या होत्या. तारा म्हाताराच, फुगून सूर्याच्या अकरापट झालेला, वर सूर्यापेक्षा थंड. आणि ताईंच्या आकड्यांनुसार दिवसेंदिवस मंदावणारा! त्यांच्या नावावरचा पहिलावहिला शोध! अहवाल दुपारी जायचा होता आणि रात्रभरच्या जागरणाने ताईंचे डोळे आपोआप मिटत होते.

"ताई, त्याचा उजेड कोणाशी ताडून बघता?" समोरच्या टेबलाशी बसलेल्या सरांनी विचारलं.

"शेजारच्या ताऱ्याशी. तो कधी बदलत नाही, स्थिर ताऱ्यांच्या यादीतच लिहिलंय की."

"ती यादी मीच केलीय. म्हणून तर धास्ती वाटते."

ताईंनी कपाळावर हात मारला. यादीवर विसंबून त्यांनी तो शेजारी कधी तपासलाच नव्हता. नाइलाजाने त्यांनी दोन्ही तारे तिसऱ्या ताऱ्याशी ताडून पाहिले. पिवळा तारा होता तसाच होता. शेजारीच उजळत चालला होता, म्हणून त्याच्यापुढे हा मंदावल्यासारखा वाटत होता!

"मग हाच तुमचा शोध!" सर म्हणाले. "फक्त पक्का करायला आणखी सात महिने मोजा."

ताईंनी 'मंदावतोय' खोडून 'स्थिर' लिहिलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

"सर, उद्यापासून मोजते. आज मला कोणी हाक मारू नका."