हार्डली

"ऊन ऊन भाकर खा म्हणलं तं आयकत नाही. गार करूनच खाईन. खोडच हाये याची!"

रुखमाबाई चुलीपुढं पुटपुटत होत्या. हातभर अंतरावर त्यांची सून कोकिळा मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. समोर पाट होता, पाटापुढं ताट, ताटात ज्वारीची भाकर, वरण, ठेचा. पाटावर कोणी नव्हतं.

असं दोन वर्षं चाललं होतं. रुखमाबाईंचा लेक शेषराव मिलिटरीत ट्रक चालवायचा. बासष्टच्या लढाईत त्याचा ट्रक बर्फात गेला आणि मागून साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. आळीत इंग्रजी येणारे एकटे मोतीराम गुरुजी. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "ही विल हार्डली कम बॅक." हार्ड म्हणजे कठीण. त्याला ली लागलं की क्रियाविशेषण. म्हणजे कठीणपणे. "येईन बाई तो," गुरुजी म्हणाले, "पण लई हाल काढून येईन."

हाल काढून येणारा उपाशीच असणार. त्याच दुपारपासून ताट वाढणं सुरू झालं. ताटापाशी तांब्या ठेवायचा. मग कोकिळेनं विहिरीवर जायचं, सासूनं शेळीला पाला टाकायला. कोकिळा परत येई तेव्हा तांब्यातलं पाणी चार बोटं उतरलेलं असे आणि भाकरीचा कोपरा मोडलेला. कोण खातं ते पाहायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

एक शब्दही घरातून गेला होता. आधी रुखमाबाई मांजराला, शेळीला, खुद्द लेकाला उठता-बसता 'मेल्या' म्हणायच्या. आता दूध सांडणाऱ्या मांजरालाही 'शहाण्या' म्हणत.

कोकिळा बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. शिकवायचे गुरुजीच. "क्रियापदाले तीन गोष्टी विचारायच्या. कसं? कधी? कुठं? उत्तर देईन तो अ‍ॅडव्हर्ब." नेमक्या ह्याच तीन गोष्टी घरात कोणी विचारत नसे. शिवाय इंग्रजीत नवऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही, 'ही' म्हटलं की भागतं. ती वहीत लिही: ही कम्स क्वाएटली. ही ईट्स स्लोली. ही नेव्हर स्पीक्स. 'नेव्हर' क्रियापदाच्या आधी येतो, हे तिनं न सांगता ओळखलं होतं. तेवढं वाक्य लिहिताना मात्र वैशाख असूनही मानेला गार लागलं, आणि मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

गुरुजींनी दिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. छापखान्याची चूक, असं ती समजत आली होती. आज तिनं ती वरणाच्या वाफेवर धरली. पानं सुटली आणि खळीचा आंबूस वास आला. कोणीतरी ती हातानं चिकटवली होती.

आत लिहिलं होतं: ही वर्क्स हार्ड, तो कष्टानं काम करतो. ही हार्डली वर्क्स, तो जवळजवळ काम करतच नाही.

तिनं 'हार्डली'ला विचारलं, कसं? उत्तर नाही. कधी? कुठं? नाही. हा मेंगळट शब्द क्रियापदाशेजारी येऊन बसतो आणि त्यालाच खाऊन टाकतो.

ती तशीच गुरुजींकडं गेली. ते ओसरीत शेंगा फोडत होते.

"गुरुजी, पानं कोणी चिकटवली?"

"तो नियम परीक्षेत येत नाही, बाई."

"पत्रात आला होता."

गुरुजींच्या बोटांत शेंग तशीच राहिली. "मले उमजलं तवा तुया सासूनं ताट वाढलं होतं," ते म्हणाले. "वाढल्या ताटावरून कोनाले उठवू?"

घरी ताट जसंच्या तसं होतं. रुखमाबाई आज शेळीकडं गेल्याच नव्हत्या. दर सोमवारी त्या सुनेकडून साहेबाचं पत्र वाचून घेत, तो कागद त्यांनी पेटीतून काढून ठेवला होता.

"वाच वं."

कोकिळा वाचू लागली. "ही विल..." पुढचा शब्द ओठावर तयार होता. कठीणपणे. दोन वर्षांची सवय होती, एक श्वास पुरला असता. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं. रिकाम्या पाटाकडं तिची नजर गेली आणि तिथून कोणीतरी ऐकतंय असं तिला वाटलं. कपाळावरचं कुंकू जड झालं.

"काऊन थांबली?"

"हा शब्द, आत्याबाई... गुरुजींनी सांगितला तसा नाही."

रुखमाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग तांब्या ओढला आणि सुनेच्या देखत, पहिल्यांदाच, वरून पाणी प्यायल्या. बरोबर चार बोटं. भाकरीचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. तेवढ्यात मांजरानं वरणात तोंड घातलं.

"सर मेल्या!"

शब्द घरभर घुमला. दोघीही दचकल्या. रुखमाबाईंनी ताट पुढं सरकवलं, मांजराला खाऊ दिलं.

"मेला वं, कोकिळे," त्या म्हणाल्या. "माहा शेषराव मेला."